मुदपाकखान्यातील शेंगांचा घोटाळा

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. चुलीवरचे उतू जाऊ नये, चुलीपाशीचे भांडू नये, ऐसे मागणे मागोन हे वर्तमान लिहिले असे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन मास. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु घडले ते गोडच.

ते समयी एका राज्याचे मुदपाकखान्यावर माईसाहेबांचा अंमल होता. राज्य म्हणजे दोन खोल्या आणि एक गच्ची. परंतु अंमल कडक. माईसाहेब मूळच्या तळकोकणच्या, आणि त्यांच्या सूनबाई ऋतुजाबाई घाटावरच्या. लग्नास वर्ष सरले तरी सूनबाईंची नेमणूक नारळ खवण्यावरच होती. फोडणीस हात लावावयाची परवानगी नव्हती. माहेरी सगळ्या घरास जेवू घालणारी मुलगी, ती खवणीवर बसोन मनी बहुत कष्टी होई. मग ऐसे जाहले की माईसाहेबांचे थोरले बंधू भिकाजीमामा जेवावयास येणार ऐसी खबर आली, आणि त्याच दिवशी माईसाहेबांचा गुडघा धरला. मामा जिभेचे कठीण. ज्या घरी त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला नाही, त्या घरची अब्रू साऱ्या गोतात गेली म्हणोन समजावे. माईसाहेबांनी निरुपायाने हुकूम फर्माविला की, मामांच्या आवडीची शेंगांची आमटी करावी. मामांनी पुन्हा भात मागितला तर मसाल्याचा डबा तुमचा, न मागितला तर खवणी आहेच.

सूनबाईंस हर्ष मावेना. कारण माहेराहून ओल्या शेंगांचे पोते कालच दाखल जाहले होते, रानातली माती अंगावर तशीच. घाटावर शेंगा म्हणजे भुईमुगाच्या, दुसरीस कोणी पुसत नाही. आणि तळकोकणात शेंगांची आमटी म्हणजे शेवग्याची. हे माईसाहेबांनी सांगितले नाही आणि सूनबाईंनी विचारिले नाही. शेवग्याच्या शेंगा फ्रीजमध्ये कागदात गुंडाळोन ठेविल्या होत्या, त्या सांबाराच्या असतील ऐसे समजोन सूनबाईंनी त्यांस तेथेच निजू दिले. मग पोते सोडिले, आणि शेंगा धुतल्या, आणि आपल्या यजमानांस सोलावयास बसविले. ते एक सोलीत आणि दोन खात, म्हणोन त्यांस तंबी दिली. ओली शेंग वाळलेलीसारखी कडकड करीत नाही, टोकाशी अंगठा दाबिला की मुकाट्याने उघडते. आतले गुलाबी दाणे, हिरवी मिरची आणि जिरे घालोन दुधासारखे वाटिले, एकही सबंध ठेविला नाही. मग तुपाची फोडणी, आणि त्यात वाटण, आणि पाणी, आणि गुळाचा खडा, आणि सासरचा मान म्हणोन आमसूल. ओल्या दाण्याचा कच्चा वास पुरती उकळी आल्यावाचून जात नाही, आणि पळी थांबली तर आमटी तळाशी लागते. म्हणोन सूनबाई पातेल्यापुढून हलल्या नाहीत.

मग मामा पाटावर बसले. शेवगा चघळोन चोथा टाकावयास माईसाहेबांनी ताटाशेजारी रिकामी वाटी ठेविली होती. सूनबाईंनी तीत ताक भरिले. मामांनी आमटीत बोटे फिरविली, हाती काही लागेना.

"गो सूनबाय, शेंगो खंय गेल्यो?"

"मामा, वाटल्या की."

सालींसकट काय, ऐसे मामांनी भीतभीत पुसले. नाही, सोलून घेतल्या, सालं केरात टाकली, ऐसे सूनबाई बोलल्या. शेवगा सोलोन वाटणारी सून मामांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी भीतच एक घास घेतला, आणि डोळे मिटले, आणि इकडे सूनबाईंचा जीव टांगणीस लागला. मग मामांनी ताट पुढे सरकविले आणि भात मागितला, आणि तो संपवोन आणखी मागितला, आणि इतकी वर्षे आपण गुरासारखे उगाच चघळीत बसलो ऐसे उद्गार काढिले.

माईसाहेबांस संशय आला. त्या लंगडत फ्रीजपाशी गेल्या, कागद सोडिला, तो शेवग्याच्या शेंगा जशाच्या तशा. मग त्यांस ऐसे हसू लोटले की गुडघ्याचे भान राहिले नाही. हसण्याचे कारण असे की, भुईमूग खाऊन पित्त होते, तो शहाण्याने खाऊ नये, ऐसे व्याख्यान मामा प्रत्येक एकादशीस देत आले होते.

"दादा, ह्यो शेवग्याच्यो न्हय, भुईमुगाच्यो."

मामांचा हात घासासह वाटेत थांबला. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहू लागले. मामांनी अंमळ विचार केला.

"पित्त उद्या बघूया. आज वाढ."

मग माईसाहेबांनी मसाल्याचा डबा आपल्या पदराने पुसला आणि सूनबाईंच्या हाती दिला, आणि खवणी स्वतः ओढोन घेतली. डबा घेताना सूनबाईंच्या डोळ्यांस पाणी आले, ते मिरचीचे नव्हते.

येणेप्रमाणे राज्य बदलले, लढाई जाहली नाही. तेव्हापासोन त्या घरी नुसते शेंगा कोणी म्हणत नाही. यजमान बाजारास निघाले की उंबऱ्यातच पुसतात, सासूबाईंच्या की सूनबाईंच्या? आणि माईसाहेब खवणीवरून म्हणतात, सूनबाईंच्या आण.