चार पात्यांचा पंखा

देवकुळेकाका स्वतःच स्वतःला अर्ज करत आणि बहुतेक वेळा तो नामंजूर करत.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. दर रविवारी सकाळी आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत, पार्किंगमधल्या लाकडी ठोकळ्यांवर चढवलेल्या बोटीत ते शिडी लावून चढायचे, केबिनमधल्या फळीवर फाईल उघडायचे आणि लिहायचे: 'इंजिनखालची रबरं झिजली आहेत. नवीन घेण्यास मंजुरी मिळावी.' मग पेन बदलून, हिरव्या शाईनं, खाली शेरा: 'जुनी आणखी सहा महिने चालतील असे वाटते. चर्चा करा.' मग ते डोळे मिटून बसायचे. चर्चा चालू असायची. कधीकधी ती अर्जदाराच्या बाजूनं लागायची आणि काका खूश होऊन करोल बागेला रबर आणायला जायचे.

बत्तीस वर्षं त्यांनी एका केंद्रीय मंत्रालयात काढली होती. माणूस मूळचा माण तालुक्यातला, दहिवडीकडचा, जिथं प्यायचं पाणी टँकरनं येतं. बोट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली ती फाईलमध्ये. कुठल्याशा धरणावर तपासणीसाठी घेतलेली चोवीस फुटी मोटर क्रूझर, आत दोन माणसं झोपतील एवढी केबिन, नाव 'निरीक्षण-२'. निरीक्षण-१ चं काय झालं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ही दुसरी भंगारात काढावी की नाही यावर काकांच्या टेबलावर अकरा वर्षं पत्रव्यवहार झाला. तेवढ्यात काका तिच्यात गुंतले. पण नोकरीत असताना त्यांनी लिलावात बोली लावली नाही. "आपल्याच फाईलवरचा माल आपणच घ्यायचा? बिल्कुल नाही," असं म्हणून निवृत्त झाले आणि मग घेतली.

हे त्यांचं तत्त्व मला फार उशिरा कळलं. त्याआधी मी त्यांच्याविरुद्ध पत्रक काढून बसले होते.

माझं अक्षरज्ञानच पत्रकांवर झालं. बाबा कर्मचारी संघटनेत; घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि देश डोळ्यांदेखत विकला जातो आहे याची मला खात्री होती. ती आजही गेलेली नाही. दर महिन्याला सोसायटीत हप्त्यावरची एक नवी गाडी येत होती. शेजारच्या वर्मांचा मुलगा मानेसरच्या कारखान्यात लागला आणि पहिल्या वर्षातच त्यानं गाडी घेतली. गेटवर मिठाई, बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. आणि या सगळ्याच्या मधोमध, दोन गाड्यांची जागा अडवून, एका माणसाची खासगी नौका! नळाला पाणी दिवसातून दोन तास, आणि हे जलविहाराला निघालेले!

मी रात्रभर जागून नाही, चांगलं दुपारी जेवून पत्रक लिहिलं. 'सामाईक जमिनीवर चैनीचं जहाज', असा मथळा. सात मुद्दे. साठ प्रती काढून प्रत्येक दाराखालून सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी चड्ढाजी घरी आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बेटा, क्या लिखा है! हम तीन साल से यही कह रहे थे, पर हमारी कोई सुनता नहीं था."

'आम्ही' म्हणजे ते आणि नवे गाडीवाले. मी चैनीविरुद्ध बार उडवला होता आणि तो चैनीच्याच कामी आला होता. सर्वसाधारण सभेत चड्ढाजींनी माझं पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं आणि ठराव पास झाला: पुढच्या दिवाळीच्या आत बोट पाण्यात चालवून दाखवावी, नाहीतर भंगारवाल्याला बोलावण्यात येईल.

काका सभेत एवढंच म्हणाले, "विचाराधीन आहे."

मी तीन दिवस तोंड चुकवलं. चौथ्या दिवशी त्यांनी वरून हाक मारली, बोटीतून. "कॉम्रेड, वर या. तुमच्या पत्रकावर कार्यवाही झालीय."

पत्रक फाईलला लावलेलं होतं. त्यावर क्रमांक होता आणि हिरव्या शाईत शेरा: 'मुद्दा १ ते ६ विचारार्थ. मुद्दा ७ (बोट चालतच नाही) बरोबर आहे. तातडीने पाहावे.'

"रागावला नाहीत?"

"रागावायचं कशाला? इतक्या वर्षांत या फाईलवर बाहेरून आलेला हा पहिलाच कागद."

अशी आमची दोस्ती झाली. मी म्हणे काकांचं प्रबोधन करायला जायची, पण त्या बोटीत बसलं की माझे मुद्दे सैल पडायचे. हिवाळ्यात धुकं जमिनीलगत साचायचं, गाड्यांची टपं त्यात बुडून जायची आणि निरीक्षण-२ त्यावर तरंगायची. समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या म्हणजे दूरचा किनारा वाटे. तिथं कुणी टॉवेल झटकला तरी आपल्यालाच निरोप देताहेत असं वाटायचं. काका सुकाणूवर हात ठेवून बसलेले. आम्ही कुठंही जात नसू, आणि वेळ मात्र छान पुढं सरकायचा.

मूळचं इंजिन केव्हाच जाम झालं होतं. काकांनी एका जुन्या जीपचं डिझेल इंजिन बसवलं, पाण्याच्या ड्रमला पाइप जोडून ते थंड ठेवायची सोय केली. इंजिनभोवतीच्या पेटीला आतून रबर, त्यावर काथ्या, त्यावर पुन्हा रबर. खालची रबरं तीनदा बदलली. पण त्यांचा खरा जीव होता पंख्यात. प्रोपेलरला ते खलाशांसारखं पंखाच म्हणत. घरातल्या काचेच्या कपाटात, जिथं लोक कपबशा ठेवतात, तिथं काकांचे दोन पंखे होते.

"हा तीन पात्यांचा, सोळा बाय चौदा," ते सांगायचे. "सोळा इंच व्यास, चौदा इंच पिच. म्हणजे पाणी लोण्यासारखं घट्ट असतं, तर एका फेरीत बोट चौदा इंच पुढं जाईल. पण पाणी सरकतं. आपण चौदा इंच मागतो, ते दहा देतं."

"सरकारसारखं," मी म्हटलं.

"बिल्कुल. म्हणून मागताना विचार करायचा. हा पळेल चांगला. पण थरथरतो. तो दुसरा थरथरत कमी, पण इंजिन ओरडतं. मी चार पात्यांचा मागवलाय मुंबईहून. काशाचा. पिच दहाच."

"म्हणजे वेग?"

"सायकलवाला मागं टाकेल."

"मग एवढा खर्च कशाला? तीन पात्यांचा बसवा, ठरावापुरती चालवा आणि वाचवा बोट! दिवाळीला पाच आठवडे राहिलेत."

"विचाराधीन आहे," काका म्हणाले आणि कपाट बंद केलं. मला राग आला. बोट भंगारात जायची वेळ आली आणि हे पाती मोजत बसलेत.

शकूकाकू चहा आणून ठेवायच्या. मी काही विचारलं तर हसायच्या आणि आत जायच्या. बोलणं नाही. सोसायटीतल्या बायका त्यांना गर्विष्ठ म्हणत. माझा निष्कर्ष अर्थातच अधिक शास्त्रीय होता: नवऱ्याच्या छंदाखाली दडपलेली स्त्री, तिचं मौन हाच तिचा निषेध. यावरही एक पत्रक निघालं असतं. पण आधीच्याचा अनुभव ताजा होता.

चार पात्यांचा पंखा दिवाळीच्या दहा दिवस आधी आला. बसवून झाला त्याच दिवशी काकांनी ट्रेलर ठरवला. यमुनेत फेस होता, म्हणून ब्रजघाट, गंगेवर. ठोकळ्यांवरून बोट उचलली तेव्हा खाली तिच्याच आकाराचा फिकट तुकडा उरला आणि वर्मांच्या मुलानं ट्रेलर गेटबाहेर जायच्या आत तिथं गाडी लावली.

घाटावर आम्ही चौघं होतो. काका, काकू, मी आणि सोसायटीचे साक्षीदार म्हणून चड्ढाजी, गळ्यात कॅमेरा अडकवून. पावसाळा संपून गंगा संथ झाली होती. क्रेननं बोट पाण्यात ठेवली, ती बुडाली नाही, आणि मी नास्तिक असूनही हात जोडले. मग काकूंना काकांनी हात धरून आत घेतलं, मलाही आत घेऊन दोर सांभाळायला सांगितलं, इंजिन चालू केलं. पेटीतून नुसती गुरगुर आली, झोपलेल्या मांजरासारखी. काकांनी काकूंकडे पाहिलं. मग गिअर पुढं टाकला.

बोट मागं गेली.

मागं, डौलात, थेट एका नावेवर. नावाडी वल्ह्यानं तिला अडवत ओरडला, "बाबूजी, सरकारी है क्या?"

काकांनी गिअर काढला, पुन्हा टाकला. पुन्हा मागं. घाटावर माणसं जमली. मग काकांनी तिथल्या तिथं फाईल उघडली, पान शोधलं आणि त्यांचा चेहरा उतरला. 'शाफ्टची फिरण्याची दिशा: घड्याळाप्रमाणे. पाहिले. बरोबर आहे.' खाली सही, त्याखाली हिरवी सही. दोन्ही त्यांच्याच.

"ही दिशा बोटीच्या मागं उभं राहून बघायची असते," ते हळू म्हणाले. "मी केबिनमध्ये बसून, मागं तोंड करून पाहिली. तिथं माझी फाईल ठेवायची फळी होती ना." म्हणजे उलटी नोंद झाली. त्यावरून उजव्या फिरकीचा पंखा आला. हवा होता डावा.

मी घाटाकडे पाहिलं. माझ्याच शब्दांनी ही बोट आता भंगारात जाणार होती. मी ओरडले, "चड्ढाजी, प्लीज़!"

चड्ढाजींनी खिशातून ठराव काढला, चष्मा लावून वाचला. "लिखा है 'पानी में चलनी चाहिए'. किस तरफ़, यह नहीं लिखा." आणि त्यांनी फोटो काढला. त्या माणसाबद्दलचं माझं मत मला त्या दिवशी थोडं बदलावं लागलं. अजून पूर्ण बदललेलं नाही.

"पास हो गई, देवकुळेजी! अब वापस आ जाओ!"

पण काकांना परत यायचं नव्हतं. उलटा पंखा उलट फिरवला तर सुलटं जाईल, एवढं गणित सोपं होतं. त्यांनी गिअर रिव्हर्समध्ये टाकला आणि निरीक्षण-२ पुढं निघाली. फक्त त्या गिअरमध्ये जुनी गिअरबॉक्स किंचाळत होती. काथ्या, रबर, चार पाती, सगळं त्या आवाजात वाहून गेलं. प्रवाहाच्या मध्यावर आलो. माझ्या दृष्टीनं विजय झाला होता. मी वळून पाहिलं तर काकूंनी दोन्ही कान दाबून धरले होते आणि काका सुकाणू सोडून त्यांच्याकडे बघत होते.

त्यांनी इंजिन बंद केलं.

एवढी शांतता दिल्लीत जन्मलेल्या माणसाला ठाऊक नसते. बोट आपल्याआपण वळू लागली. पलीकडची वाळू, एक पांढरा पक्षी, मग घाट, मग पुन्हा वाळू.

"हिला ऐकू कमी येतं," काका मला म्हणाले, शेरा वाचून दाखवावा तसं. "आवाज नसेल तर सगळं कळतं. जरा कुठं घरघर असली की शब्द विरघळतात. मशीन लावलं तर अख्खा मयूर विहार कानात शिरतो. पूर्वी लाइट जायची, तेव्हा बोलायचो आम्ही. आता घरटी जनरेटर आलेत."

मी दोर गुंडाळून घेतला आणि बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

काकांनी थर्मासमधून चहा ओतला. काकूंना दिला, स्वतः घेतला, घोटभर प्यायले. मग रोजच्या, साध्या, अजिबात न चढवलेल्या आवाजात म्हणाले, "शकू, गोड कमी झालाय."

"साखर संपलीय परवापासून," काकू म्हणाल्या. आवाज खणखणीत, थेट माण तालुक्यातला. "तुम्हाला सांगितलं होतं की."

"कधी?"

"दुपारी. तुम्ही पंखा पुसत बसला होता. तुमचं लक्ष कुठं असतं?"

"बरं, चुकलं."

"चुकलं काय? कुमुदचं पत्र आलंय तेही सांगितलं होतं. तिच्या धाकटीचं ठरतंय. मुलगा बँकेत आहे, पण उंची कमी आहे म्हणतात..."

मग त्या बोलतच राहिल्या. मुलाची उंची, कुमुदचा दमा, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईची नवी गाडी आणि तिला ती लावता येत नाही ते. काका मध्येमध्ये "अच्छा," "मग?" एवढंच म्हणत. मी दोर हातात धरून दुसऱ्या टोकाला बसले होते आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आम्ही वाहत खाली चाललो होतो. मघाचा नावाडी वल्हवत जवळ आला, एक हात दोरासाठी पुढं करून म्हणाला, "खींच लूँ, बाबूजी?"

काकांनी त्याच्याकडे न पाहता तळहात वर केला. थांब. काकू बोलत होत्या.