हरकत नाही

सन १९९५-९६ च्या अंदाजपत्रकावर जनतेच्या हरकती ऐकून घेण्यासाठी पिंपळखडक ग्रामपंचायतीनं रीतसर जाहीर सुनावणी ठेवली होती. वरून तसा आदेशच होता. देशाची अर्थव्यवस्था खुली झाली, तेव्हा गावचा कारभारही खुला करायचा होता, आणि तो खुला करण्याचा नमुना तालुक्याहून छापून आला होता. त्यात तीन रकाने होते: नाव, हरकत, सही किंवा अंगठा. माझं अक्षर बरं म्हणून तो भरायला मला शाळेतून बोलावून घेतलं.

अंदाजपत्रकात मोठं काम एकच, स्वागत कमान. सरपंच अर्जुनरावांचं म्हणणं असं की, परदेशी कंपन्या आता देशात येतायत. उद्या एखादा साहेब कपिलधारचा धबधबा बघून वाट चुकला आणि इकडं आला, तर गाव कुठून सुरू होतं हे त्याला कळायला नको का? वेशीजवळच्या गल्लीतला हापसा दोन वर्षं बंद होता. त्याच्या दुरुस्तीला तरतूद नव्हती, कारण कागदावर तो चालू होता.

रतनबाईंना या हापशाबद्दलच बोलायचं होतं. त्यांची सून चंद्रकला सातव्या महिन्यात होती आणि अर्धा कोस लांबच्या विहिरीवरून रोज घागरी आणत होती. मागच्या आठवड्यात ती पायरीवरून घसरली, थोडक्यात निभावलं. रतनबाई दोन दिवस आपलं बोलणं पाठ करत होत्या. मला ते ऐकू येत होतं, आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे.

ग्रामसेवक सिद्धेश्वर आप्पांनी मला आधीच बजावलं, "मास्तर, हरकतीबद्दल जो जे बोलंल ते लिवायचं. आपलं डोकं लावायचं न्हाई."

पहिल्यांदा बोलला तो धुळाजी. सतरंजी आखूड पडली, म्हणून शिपाई आश्रुबा त्याला म्हणाला, "धुळाजी, जरा सरकायला हरकत हाय का?"

"हरकत न्हाई."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी लिहिलं: धुळाजी, हरकत नाही. मग चहा आला. त्यात साखर कमी होती. हरकत नाही ना, असं विचारत आश्रुबा कप वाटत फिरला, आणि पंधरा मिनिटांत एकवीस नोंदी झाल्या. आमच्याकडची माणसं फार भिडेची.

रतनबाई उशिरा आल्या. पाणी भरूनच निघाल्या असणार, लुगड्याचा काठ ओला होता. आश्रुबा म्हणाला, "मावशी, मागं बसायला हरकत न्हाई ना?"

"मला काय हरकत, बाबा."

हा प्रश्न धरायचा की उत्तर, इथं मी अडलो. आप्पांनी सांगितलं, उत्तर.

विषय पुकारल्यावर रतनबाई पदर सावरून उभ्या राहिल्या. "आमच्या गल्लीचा हापसा..."

"मावशी, तुमचं म्हणणं आलं," आप्पा कागदावर बोट ठेवून म्हणाले. "हरकत न्हाई, असं तुमीच म्हणलात."

"अवो, ते मागं बसायचं म्हणले मी."

"रकान्यात बसायचं कुठं लिवलंय?"

"मग आता हाय म्हणते. लिवा, हाय."

आप्पा गंभीर झाले. एकदा दिलेली ना-हरकत परत घेणं ही साधी बाब नव्हती, तिला सभेची मंजुरी लागणार होती. पण अर्जुनराव मनाचे मोठे. त्यांनी उभं राहून विचारलं, "रतनबाईची हरकत लिवून घ्यायला कुणाची हरकत हाय का?"

"न्हाई, न्हाई. हरकत न्हाई," सगळी सभा म्हणाली. त्यात रतनबाईही होत्या. गाव आपल्या बाजूनं उभं राहिलं म्हणून त्यांचे डोळे भरून आले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात आप्पांनी कोरा नमुना माझ्यापुढं सरकवला. हजर त्रेसष्ट, हरकत नाही त्रेसष्ट. नमुन्यात ओळीही त्रेसष्टच होत्या, त्यामुळं रतनबाईंची हरकत लिहायला जागा उरली नाही.

इतकी एकमुखी सुनावणी तालुक्यानं पाहिली नव्हती. बक्षीस म्हणून आणखी एक कमान मिळायची ठरली, गावाबाहेर जाणाऱ्यांसाठी. पहिल्या कमानीच्या खांबाला पाया हवा होता आणि हापशाचा सिमेंटचा ओटा वेशीजवळ आयताच होता. हापसा उपटला. कागदावर तो अजून चालू आहे. बांधकामाला पाणी गल्लीतल्या बायकांनी विहिरीवरून आणलं. तसं त्यांना विचारलं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी, हारतुरे चालू असताना, नववा लागलेली चंद्रकला डोक्यावर एक आणि कमरेवर एक घागर घेऊन कमानीखालून आली. मागं रतनबाई होत्या. त्या माझ्यापाशी थांबल्या.

"मास्तर, मी कशापायी आलते ते तुमाला तर ठावं होतं. मग कावून लिवलं तसं?"

मला लाज वाटली. "आप्पांनी विचारलं, मास्तर, असं लिहायला हरकत आहे का? मी काय म्हणणार, मावशी?"

रतनबाईंनी सुनेच्या कमरेवरची घागर आपल्याकडं घेतली आणि त्या निघून गेल्या.

तुम्ही मला नावं ठेवत असाल. ठेवा. पण हापसा उपटला तिथं तुम्हीही थांबला नाहीत, पुढची गंमत वाचायला निघालात. दुसऱ्या कमानीच्या सुनावणीचा नमुना माझ्यापुढं आहे आणि त्यात एक ओळ रिकामी राहिली आहे. तिथं तुमचं नाव घालतो. हरकत नाही ना?