अण्णांच्या मापाची सुरी

सिद्रामकाकांच्या घरी गेलात, की चहाच्या आधी हातात कणकेचा गोळा येतो. "आवळा," ते म्हणतात. आपण आवळायचा. मग त्यावर उमटलेली बोटं ते खिडकीच्या उजेडात धरून बघतात. माझा गोळा बघून म्हणाले होते, "जावईबापू, ही मूठ न्हाय, उशी हाय की." माझी बायको आजही येईल त्या पाहुण्याला हे सांगते.

काका माझे चुलतसासरे. रेल्वेत फिटर होते. निवृत्त झाल्यावर माणसं कट्ट्यावर जाऊन बसतात, यांनी होटगी रोडच्या घरामागे भट्टी मांडली. ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे आणायचे, तापवून ठोकायचे, घासायचे आणि ज्याची सुरी त्याच्या गोळ्यावरून लाकडी मूठ कोरायची. पातं झालं की परीक्षा टोमॅटोची. चकती पेपरवर ठेवली, तर खालची बातमी वाचता आली पाहिजे. काकू म्हणतात, "आमच्यात टोमॅटो आमटीला कमी, पेपरला जास्त लागतो." घर पक्कं शाकाहारी. एक हॉटेलवाला मटणासाठी सुरा मागायला आला, तर काकांनी त्याला चहा पाजला, कोबी कसा चांगला ते सांगितलं आणि वाटेला लावलं.

पण त्यांचा खरा हट्ट वेगळाच. सुरी कुणाच्या हातात द्यायची नाही. खाली ठेवायची, समोरच्यानं उचलायची. तसं हे आपण सगळेच पाळतो, पण काका कुरियरवाल्यालाही खोक्यात बांधलेली सुरी कट्ट्यावरून उचलायला लावतात.

याला कारण माझे सासरे, काकांचे थोरले भाऊ. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, राहतात वैरागला. भावाभावांत बरीच वर्षं बोलणं नव्हतं. भांडण बोअरच्या पाण्यावरून झालं, हे अख्ख्या वैरागला माहीत आहे. काकांना मात्र ते मान्य नाही. "पाण्याचं काय न्हाय हो. त्या दिवशी कलिंगड कापताना मी अण्णाच्या हातात सुरी दिली. तितंच चुकलं."

म्हणून ते प्रत्येक प्रदर्शनात एक शिसवी मुठीची सुरी मधोमध मांडत. ती विकायची नाही. अण्णांच्या मापाची. गोळा आवळायला अण्णा कधी आले, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "तोच हात धरून शाळेत गेलो की. त्याला गोळा कशाला?"

या हिवाळ्यात सोलापुरातच हस्तकलेचं प्रदर्शन होतं. काकांनी टेबलावर चादर अंथरून सुऱ्या मांडल्या. आता सोलापुरात चादर अंथरली, की लोक सुऱ्या बाजूला सारून चादरीचा भाव विचारणारच. मी दोन तास "चादर विकायची नाही" एवढंच बोललो. माझ्या बायकोनं मात्र यातूनच युक्ती काढली. वडिलांना फोन करून सांगितलं, चादरींचं मोठं प्रदर्शन आहे, या.

अण्णा आले. टेबलापाशी थबकले, माझ्याकडे असं बघितलं, जणू लग्नाच्या वेळीच नकार द्यायला हवा होता. मी कधी नव्हे ते चपळाईनं काकांच्या मागे जाऊन उभा राहिलो.

काकांनी शिसवी सुरी उचलून अण्णांसमोर ठेवली आणि मागं सरले.

इथून अण्णा निघून गेले असते, तर काकांनी भट्टी पुन्हा पेटवली नसती, हे मला दिसत होतं. मग अण्णांनी सुरी उचलली. मुठीत धरली, फिरवली.

"ढिली हाय," ते म्हणाले.

काकांच्या सुरीला ढिली म्हणणारं कुणी आजवर भेटलेलं नव्हतं. त्यांनी मुठीकडे बघितलं, मग त्या हाताकडे. शिरा वर आलेल्या, बोटं काटकुळी.

"सुरी ढिली न्हाय, अण्णा. तुजा हात वाळलाय." मग म्हणाले, "घरी यावं लागंल. गोळा आवळाया."

"येतो उद्या. तवर ही ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी, तम्मा," अण्णा म्हणाले. धाकट्या भावाला ते लहानपणापासून कानडीत असंच हाक मारायचे. आणि त्यांनी सुरी काकांपुढे धरली.

काकांनी झटकन दोन्ही हात पाठीमागे नेले.

"खाली ठेव, अण्णा. आदी खाली ठेव."

मी मागेच उभा होतो. काकांच्या एका हातानं दुसरा हात घट्ट आवळून धरला होता.