अवेळी उघडणारं दार

ज्याच्या नजरेतून मुंगी सुटत नाही आणि ज्याच्यापुढे गुन्हेगार आपणहून मान खाली घालतात, असा या शहरातला एकमेव गुप्तहेर म्हणजे ससाणा. हे वर्णन त्याने स्वतःच लिहून स्वतःच्या दारावर लावलं होतं. नावही स्वतःच घेतलेलं. चष्म्याची जाडी पाहता दुसऱ्या कुणी ते दिलं नसतं. साहाय्यक म्हणून बायकोचा भाऊ होता. त्याला पगार नव्हता, तशी नाही म्हणायची सोयही नव्हती.

या खेपेला प्रकरण एस्केप रूमचं होतं. म्हणजे अशी खोली, जिथे माणसं हौसेने स्वतःला कोंडून घेतात आणि कोडी सोडवून बाहेर पडतात. मालकाने चांगली नोकरी सोडून ती उभारली होती. भिंतीला हात लावला की दिवे रंग बदलत, फरशीवर पाय पडला की साखळ्या खळखळत, आणि ठरलेल्या उत्तराखेरीज काहीही बोललं की भिंतीतली बाई शांतपणे म्हणे, "चूक. पुन्हा विचार करा." फक्त शेवटचं दार हल्ली भलत्याच वेळी उघडायचं. पहिलं कोडं सुटायच्या आत गिऱ्हाइकं रस्त्यावर, तोंडं वाकडी करून. आज संध्याकाळचा गटही तसाच बाहेर पडला, तर मालक खोलीला कायमचं कुलूप लावणार होता.

ससाण्याने तपासासाठी स्वतःला आत कोंडून घेतलं. मेहुणा आणि मालक शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसले. तिथे मालकाची आई विणकाम करता करता रोज खेळावर लक्ष ठेवत असे.

"प्रतिस्पर्ध्याने यंत्रणेत घुसखोरी केली आहे," ससाणा गरजला.

"चूक," भिंत म्हणाली. "पुन्हा विचार करा."

त्याने विचार केला. मग पाल, उपग्रह आणि शेवटी खुद्द भिंतीतली बाई, असे एकेक संशयित पुढे आले. बाईने स्वतःवरचा आरोपही त्याच सुरात फेटाळला.

मेहुण्याने सहज विचारलं, "काकू, हे हिरवं बटण कसलं?"

"दाराचं. आग-बिग लागली तर दाबायचं." काकूंनी लोकर सोडवली. "मी रोजच दाबते. बघवतं का रे? चांगल्या घरची पोरं, घामाघूम होऊन किल्ली शोधत बसतात."

मालकाने कपाळावर हात मारला. मात्र आईला तिथून ऊठ म्हणायची त्याची प्राज्ञा नव्हती.

"मग आमच्या भाऊजींनाही सोडा," मेहुणा म्हणाला.

काकूंनी पडद्याकडे नीट पाहिलं. "ह्याला राहू दे. रमलाय."

इतक्यात गट आला. ससाणा काही केल्या बाहेर येईना; गुन्हेगार आता येईलच, असं त्याचं म्हणणं. शेवटी गटाला त्याच्यासकट कोंडलं. तो दर कोड्याचं उत्तर छातीठोकपणे सांगे, भिंत ते खोडून काढी, आणि पोरं हसून हसून लोळत. काकूंचा हात बटणाकडे गेलाच नाही. हसणाऱ्यांची दया कशाला यायची? दार तासाभराने उघडलं आणि पोरांनीच उघडलं.

त्यांनी अभिप्रायात लिहिलं : "दिवे, साखळ्या ठीक. पण चुकीची उत्तरं देणारं चष्मेवालं यंत्र लाजवाब. अगदी खरा माणूस वाटतो."

मालकाने कुलूप कपाटात टाकलं. ससाण्याने मात्र अभिप्राय दोनदा वाचला आणि गंभीर झाला.

"मेहुणे, फाइल पुन्हा उघडा," तो म्हणाला. "त्या खोलीत आणखी एक यंत्र होतं, आणि ते मला दिसलंच नाही."