वनस्पती तुपाचं बारसं

एका जंगलात जे झालं, त्याला दंतोजी हत्ती जबाबदार. बाळांनो, गुन्हेगाराचं नाव शेवटी सांगायची पद्धत असते. पण हा म्हातारा आहे एवढ्यासाठी मी त्याला शेवटपर्यंत झाकून ठेवणार नाही.

दंतोजींच्या नातीचं, कुंजाचं, लग्न ठरलं होतं. नवरा कुणीच पाहिला नव्हता. दोन्हीकडच्या आजोबांनी एकमेकांचे सुळे पाहिले आणि सुपारी फोडली.

"मला तरी दाखवा," कुंजा म्हणाली.

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये."

मग दंतोजींनी व्याह्यांना छाती फुगवून सांगितलं, "रुखवतातली नानखटाई अस्सल तुपातली असेल!"

तूप कुठलं? मोरी म्हशीने कढवलेलं सगळं तूप ज्येष्ठ मंडळींनी बैठकींतच चाटून संपवलं होतं.

भट्टीवाली साळू साळिंदर म्हणाली, "आजोबा, माझ्याकडे गोठवलेलं तेल आहे. पांढरं, घट्ट. नानखटाई खुसखुशीत होते. पण तेल ते तेल. व्याह्यांना तसं सांगून टाका."

"तेल? नातीच्या रुखवतात? एवढं लांब नाक कापून घेऊ?"

"मग?"

"त्याचं बारसं करू."

पाळणा टांगला. त्यात तेलाचा डबा निजवला. घुगऱ्या वाटल्या. वानरआत्या डब्यावर वाकून म्हणाली, "कुर्रर्र... वनस्पती तूप!"

मोरी उसळली. "अहो, यात तुपाचा थेंब नाही!"

"म्हणून तर वनस्पती म्हटलंय," दंतोजी म्हणाले. "ज्येष्ठांनी नाव ठेवलं. आता ते तूपच."

ज्येष्ठांनी माना डोलावल्या. तोंडात घुगऱ्या होत्या, बोलणार काय?

लग्नाच्या दिवशी व्याह्यांनी नानखटाई तोंडात टाकली. "वा! तुपातली?"

"वनस्पती तुपातली."

"म्हणजे?"

"म्हणजे तूप नाही," मोरी म्हणाली. "इथे बारसं केलं की तेलाचं तूप होतं."

व्याही चिडले नाहीत. उलट त्यांचा जीव भांड्यात पडला. ते घाईघाईने जानवशाकडे गेले.

मुहूर्ताला मंगलाष्टकं झाली. अंतरपाट दूर झाला. समोर मुंडावळ्या बांधलेलं रानडुक्कर.

"हे काय?" दंतोजी ओरडले.

"वनस्पती हत्ती," व्याही म्हणाले. "आमचं पोरगं सकाळीच पळालं. तुमची रीत कळली, म्हणून आत्ताच बारसं उरकलं. नाव आमच्या ज्येष्ठांनीच ठेवलंय हो!"

"आजोबा, डोळे उघडून बघा ना!" कुंजा रडकुंडीला आली. "डुक्कर आहे तो!"

दंतोजींनी बघितलं. याला डुक्कर म्हणावं, तर डब्यातल्या तुपालाही तेल म्हणावं लागणार. भर मांडवात. ज्येष्ठांदेखत.

"नाव बघ, पोरी," ते म्हणाले. आणि वरमाला त्यांनीच तिच्या हातात दिली.

तात्पर्य: बाळांनो, ज्येष्ठांनी ठेवलेल्या नावावर कधी शंका घेऊ नये. त्यांनी फार विचार केलेला असतो. त्या वस्तूबरोबर त्यांना थोडंच नांदायचं असतं!

दंतोजींची अब्रू राहिली. कुंजा पुन्हा माहेरी आली नाही.