लोरेटाबाईंनी दिलेले दोन तारे

विवाह ही प्रेमावर उभी असलेली पवित्र संस्था आहे, आणि ओहायो राज्यात ती आरोग्यविम्यावरही उभी राहू शकते. प्रेम आटलं तर माणूस समुपदेशकाकडे जातो. विमा आटला तर कुठेच जाता येत नाही. म्हणून दुसऱ्या प्रकारची लग्नं जास्त विचारपूर्वक होतात, असं जाणकार सांगतात (जाणकार म्हणजे ज्यांचे गुडघे दुखतात ते).

लोरेटा पिकन्सबाईंचं लग्न याच जातीचं. त्या काम करत ते बुटांचं दुकान बंद पडलं, नोकरीबरोबर विमा गेला, आणि त्याच हिवाळ्यात उजव्या गुडघ्यानं संप पुकारला. चर्चच्या गायनवृंदात मागच्या रांगेत व्हर्नन स्टट्झ नावाचा विधुर उभा असे. तो काउंटीचा बर्फ काढणारा ट्रक चालवी, आणि काउंटीच्या विम्यात बायकोचा गुडघा बसत होता. व्हर्नन डबाबंद सूप पिऊन विटला होता. बाईंना स्वयंपाक येत होता. ठरलं. खोल्या वेगळ्या, भलतंसलतं काही नाही, आणि बाईंना पासष्टीचा सरकारी विमा लागू झाला की दोघं मोकळे. व्हर्नन "बरं" म्हणाला. त्यानंतर तो इतकं भरभरून कधी बोलला नाही, असं बाई सांगत.

अशा अनुभवी बाईंच्या हाती गावच्या वाचनालयानं 'कुरणाची करारी नवरी' ही कादंबरी दिली. वाचक मंडळात बाईंचा शब्द अखेरचा. त्यांनी पाच तारे दिले की ग्रंथपाल डोरीन आणखी एक प्रत मागवी. एकच दिला तर पुस्तक तळघरात जाई. कथानक असं: मोंटानातल्या एका पशुपालकाला आजोबांच्या मृत्युपत्रामुळे वसंतापूर्वी लग्न करणं भाग पडतं. तो एका शिक्षिकेशी करारानं लग्न करतो. हिमवादळ येतं. भल्यामोठ्या घरात ऐन वेळी पलंग एकच निघतो. पुढचं सांगायला नको.

बाईंनी दोन तारे जाहीर केले. एक मुखपृष्ठावरच्या घोड्याला, दुसरा छपाईच्या चुका नसल्याबद्दल.

"कागदासाठी लग्न केलेली माणसं अशी प्रेमातबिमात पडत नसतात," त्या म्हणाल्या. "मी स्वतः त्यात आहे, मला विचारा."

मग त्यांनी पुरावे मांडले. व्हर्नन पहाटे एक अक्षर न बोलता कामावर जातो. जाताना त्यांच्या मोटारीच्या काचेवरचा बर्फ खरवडतो, पण ती त्याला कामाची खोडच. अख्ख्या काउंटीत घरापासून वाचनालयापर्यंतचा रस्ता सर्वांत आधी साफ होतो (याविरुद्ध हायस्कूलच्या मुख्याध्यापकांची तक्रार दाखल आहे), पण तो रस्ता सपाट आहे, म्हणून. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तो इस्पितळात खुर्चीवरच झोपला, पण ते पार्किंगमधून मोटार काढायच्या कंटाळ्यानं. आणि इतक्या वर्षांत गोड शब्द? एकसुद्धा नाही.

मंडळातल्या बायकांनी आपापल्या कॉफीत पाहिलं.

"लोरेटा, तू नीट वाचलंस ना गं?" डोरीननं विचारलं.

"दोनदा," बाई म्हणाल्या.

फेब्रुवारीत सरकारी विम्याचं कार्ड आलं. व्हर्नननं ते जेवणाच्या टेबलावर, मीठदाणीशेजारी ठेवलं. बाईंनी चष्मा लावून त्यावरचं नाव तपासलं. चूक असती तर परत पाठवता आलं असतं. चूक नव्हती. त्यांनी पुन्हा तपासलं.

व्हर्नन बूट न काढताच बसला.

"तुझं ते पुस्तक वाचलं मी. ट्रकमध्ये, जेवणाच्या सुट्टीत."

"मग?"

"नाही पटलं."

बाईंना बरं वाटायला हवं होतं. ते का वाटलं नाही, हे त्यांना कळेना.

"एवढ्या थंडीत तो गडी गोठ्याचे पाण्याचे पाइप उघडे ठेवतो," व्हर्नन म्हणाला. "कोण ठेवतं? पहिल्याच रात्री पाणी गोठून फुटतील."

"आणि ते प्रेमाचं?"

"ते बरोबर आहे. फक्त माणूस मंद आहे. त्याला कळायला दोनशे पानं लागतात."

बाईंनी डाव सुपाच्या पातेल्यात सोडला. "तुला कळलं होतं, तर बोलला का नाहीस?"

"करारात नव्हतं."

बाई कार्ड उलटंपालटं करून म्हणाल्या, "यात दात धरत नाहीत. दातांसाठी मला तुझ्याच विम्यावर राहावं लागेल."

"किती दिवस?"

"दात आहेत तोवर."

व्हर्नननं बूट काढले.

पुढच्या बैठकीत बाईंनी कादंबरीला तिसरा तारा दिला. कारण नोंदवलं: 'पाइप सोडल्यास विश्वसनीय.' मंडळानं ते एकमतानं मान्य केलं, आणि डोरीन नाक शिंकरायला उठून गेली (सर्दीची साथ होती).

आपल्याला अर्थात या लोकांना हसायची मुभा आहे. पत्रिका, पगार आणि पार्किंगसह फ्लॅट बघून आपल्याकडे जे ठरतं त्याला करार म्हणत नाहीत, स्थळ म्हणतात. शिवाय आपण वाचनातही पारंगत. आता हेच बघा ना, हे वाचताना आतून कुणीतरी दोनदा "चहा गार होतोय" म्हणालं. तुम्ही "हो" म्हणालात, आणि लोरेटाबाईंना कसं काहीच कळत नाही, ते वाचत राहिलात.