सिदोजी निशाणबारदार यांच्या मानेची आणि पांच सुयांची हकीकत

श्रीकुलस्वामिनीस स्मरोन, जें डोळां देखिलें तेंच लिहितों. शके सोळाशें नव्याण्णव, हेमलंबी नाम संवत्सर, आश्विन मास. ते समयीं राज्याचे निशाणबारदार सिदोजी घोसाळकर होते. बावीस वर्षें निशाणाची काठी उजव्या खांद्यावर वाहिली, आणि त्या वर्षीं खांदा धरला, मग मान धरली, आणि मान लाकडासारखी ताठ जाहली. राज्याचा रिवाज ऐसा कीं, दसऱ्याचे दरबारीं निशाणबारदारानें मान लववून तीन मुजरे करावे. न लवे त्याचें निशाण दुसऱ्याचे हातीं जावें. सिदोजींस अन्न गोड लागेना. मग दसऱ्याचे सकाळीं त्यांच्या कुटुंबानें, सगुणाबाईंनीं, गोदाआऊ वैदिणीस बोलाविलें. ती म्हणाली, "पागोटें काढा. सुया डोक्यांत घालायच्या आहेत."

"दुखतें खांद्यांत आणि सुया डोक्यांत? बोडकें डोकें मी बायकोसही दाखविलें नाहीं!"

"डोकें दाखवायची लाज जास्त, कीं निशाण जायची? लवकर बोला, तव्यावर भाकरी टाकून आलें आहें."

सिदोजींनीं डोळे मिटून पागोटें उतरविलें, आणि गोदाआऊनें दुखणें उजवें म्हणोन टाळूच्या डाव्या अंगास पांच सुया आडव्या, कातड्याखालून सरकविल्या, आणि "आतां मान हालवा" म्हणाली, आणि मान हालली. सगुणाबाई रडों लागल्या. इतक्यांत दरबारची नौबत झडली. गोदाआऊ म्हणाली, "सुया आतांच काढल्या तर मान पुन्हां धरेल. आणि वर पागोटें बांधाल तर सुया रुततील." मग सिदोजी उठले, आणि तैसेच उघड्या डोक्यानें, पांच सुयांसकट दरबारीं गेले, आणि तीन मुजरे केले.

महाराजांनीं विचारिलें, "सिदोजी, पागोटें कोठें?"

"महाराज, पागोटें आणितों तर मान लवत नव्हती. मान आणिली."

कारभारी त्र्यंबकपंत ओरडले, "बोडक्यानें मुजरा? हा दरबार आहे कीं न्हाणीघर?" मग महाराज बोलिले, "मान लवली, सबब निशाण त्यांचेंच. पागोटें टाकून आले, सबब उभ्या जन्मांत त्यांचे शिरीं पागोटें नाहीं." सिदोजींनीं चौथा मुजरा केला.

त्यावर सहा वर्षें सिदोजींनीं उन्हापावसांत उघड्या डोक्यानें निशाण वाहिलें. पुढें पंतांचीही मान धरली, आणि ते पागोटें काखेस मारून गोदाआऊच्या दारीं गेले, आणि तिनें भाकऱ्या होईतों त्यांस ओट्यावर बसविलें. गोदाआऊ म्हातारी होऊन वारली. सुया निशाणाच्या पेटींत आहेत. सिदोजी वारले तेव्हां महाराजांनीं तबकांत पागोटें पाठविलें. सगुणाबाईंनीं तें माघारें धाडिलें. म्हणाल्या, "ह्यांचें डोकें पाहायची आतां मला सवय जाहली आहे." हकीकत इतकीच.